पी शून्य सात शून्य पाच, जि. उदगीर

२० मार्च २०१६, रविवार. सकाळ.
गाडी दारात आली. हैदराबादच्या एका डॉक्टरची, आठ वर्षं वापरलेली, पण ऑटोमॅटिक. क्लच नाही. डावा पाय पूर्ण रिकामा. उदगिरात अशी दुसरी गाडी नसावी. असली तरी मला माहीत नाही.

गाडी महानंदेसाठी घेतली, हे आजच लिहून ठेवतो. तिचा डावा गुडघा तीन वर्षांपासून कामातून गेला आहे. एसटीची पायरी चढवत नाही. २८ एप्रिलला नांदेडला वाटी बदलायचं ऑपरेशन आहे. सर्जन दोन महिन्यांतून एकदाच हैदराबादहून येतात. आठ महिने थांबून नंबर लागला आहे, हुकला की परत रांगेच्या शेपटाला. २७ला भरती. स्वतःच्या गाडीतून, एसी लावून नेईन, असा शब्द दिला आहे.

ती म्हणाली, क्लच असला तरी तुमच्याच पायाखाली ऱ्हाणार की, माझ्या गुडघ्याचा काय संबंध? तिला गाडीतलं कळत नाही.

गाडीची पूजा केली. गिअरच्या मुठीवर तीन बोटं भस्म ओढलं. इष्टलिंगाच्या पूजेचं तीर्थ मी घेऊन उरेल ते अंगणातल्या बेलाला घालत असे. बेल जानेवारीतच वाळला. तीर्थ पायदळी जाता कामा नये. म्हणून दोन पळ्या गिअरला. हा आता रोजचा नेम.

गाडी धुणार नाही. नळ पंधरा दिवसांनी येतो. दुष्काळात गाडी धुणारा माणूस मी नव्हे.

२७ मार्च, रविवार.
गाडीला लातूरचा नंबर घेण्याचा अर्ज करणार नाही. येत्या १ मेला उदगीर जिल्हा जाहीर होतो आहे. आतली बातमी. बसस्टँडवर दोघांनी वेगवेगळी सांगितली. नवा जिल्हा म्हणजे नवा नंबर. पाच आठवड्यांसाठी लातूरपुढं हात कशाला पसरायचे?

स्वतःचा प्रेस असल्याचा फायदा : पाचशे लेटरहेड आजच छापून घेतली. ‘विरूपाक्ष मुद्रणालय, मु. पो. ता. जि. उदगीर.’ शाई जरा फाकली आहे, पण जिल्हा ठळक आला आहे.

संकल्प : आजपासून कोणत्याही कागदावर स्वतःच्या हातानं ‘जि. लातूर’ लिहिणार नाही.

४ एप्रिल, सोमवार. सकाळी ८.
भस्म, तीर्थ. गाडी सुरू झाली नाही. लिव्हर P वर, म्हणजे पार्किंगवर ठेवून चावी फिरवली, नुसती टकटक. N वर, म्हणजे न्यूट्रलवर आणून फिरवली, लगेच सुरू. म्हणजे गाडी समजूतदार आहे, आपण तिच्या कलानं घ्यायला हवं.

मीटरमध्ये इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आहे. वाईट दिसत नाही.

६ एप्रिल, बुधवार.
गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते. उठताना म्हशीसारखी उठते, चाळीसच्या पुढं जात नाही. आधी काळजी वाटली. मग विचार केला, महानंदेच्या गुडघ्याला हीच गती मानवेल.

महानंदेला सांगितलं नाही. उगाच तिचं बीपी वाढायचं.

७ एप्रिल, गुरुवार.
नांदेड नाक्यावरच्या लिंबाजीकडं गाडी नेली. हा मुळात ट्रॅक्टर आणि जीपचा मिस्त्री. खाली वाकून मुठीचा वास घेतला. वास! म्हणाला, आप्पा, गिअरपाशी काई सांडतंय का, च्या-बी, पानी-बी? आत ओल गेली की असंच करून ऱ्हाते. झाकन खोलून बगू का, पंधरा मिन्टाचं काम हाय.

मी त्याला स्पष्ट सांगितलं. या गाडीत मी चहा पीत नाही, कुणाला पिऊ देत नाही. आणि पाण्याचं म्हणशील तर अख्ख्या गल्लीत पाण्याला माझ्याइतकं जपणारा दुसरा नाही. तो म्हणाला, मग ऱ्हाऊ द्या.

कंप्युटरची गाडी. तिला कंप्युटरनंच विचारायला हवं. हैदराबादच्या एका दुकानात फोन करून स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखाली खोचायचा, मोबाइलवर दुखणं इंग्रजीत येतं. दुकानदारानं पत्ता मागितला, मी लेटरहेडचा फोटो पाठवला. नव्या लेटरहेडचा पहिला उपयोग. बरं वाटलं.

१२ एप्रिल, मंगळवार.
लातूरला रेल्वेनं पाणी आलं. टीव्हीवर दिवसभर तेच. मिरजेहून वाघिणी भरून. आम्ही काय कमी तहानलेले आहोत? पण रेल्वे लातूरला, कारण लातूर जिल्हा आहे. १ मेनंतर आमचीही येईल.

स्कॅनर आला नाही. तीर्थाच्या चार पळ्या केल्या. तब्येत बिघडल्यावर डोस वाढवतातच.

१५ एप्रिल, शुक्रवार.
स्कॅनर लातूरच्या कुरिअर ऑफिसात पडून असल्याचं कळलं. एसटीनं गेलो. गाडीनं गेलो असतो, पण तिला विश्रांती हवी.

तिथला माणूस म्हणाला, तुमचं पार्सल तीन दिवस ठेवलं, काल हैदराबादला वापस केलं. का? तर ‘जिल्हा उदगीर’ त्यांच्या यादीत नाही. मी म्हणालो, यादी जुनी आहे. तो म्हणाला, चाचा, पूरी इंडिया की यादी हाय. मी म्हणालो, १ मेला बोलू.

येताना एसटीत महानंदेचा विचार आला. तीन तास ही पायरी, ही सीट, हे धक्के तिला सोसणार नाहीत. गाडी नीट व्हायलाच हवी.

१६ एप्रिल, शनिवार.
शेजारचे हणमंतराव अंगणात आले. बारा वर्षांची मारुती व्हॅन आहे यांच्याकडं, दार दोरीनं बांधतात. म्हणाले, आप्पा, वहिनींना मी सोडतो नांदेडला, आपली व्हॅन खाली हाय, चढायला सोपी पडंल. मी आभार मानले. पण व्हॅनला क्लच आहे. क्लच म्हणजे दर गिअरला हिसका. ज्या गुडघ्यासाठी मी ऑटोमॅटिक घेतली त्याला हिसके का द्यायचे?

महानंदा खिडकीत होती. पापड वाळत घालत होती, तेवढे जरा जोरात आपटले.

२० एप्रिल, बुधवार. दुपारी २.
स्कॅनर आला! दुकानदारानं या वेळी पत्त्यात स्वतःच ‘जि. लातूर’ घातलं. मी लिहिलेलं नाही, संकल्प शाबूत.

खोचला. मोबाइलवर पहिल्यांदा नुसतं चक्र फिरत राहिलं. मग आलं : P0705. त्याखाली इंग्रजी. शब्दकोश घेऊन बसलो. लिव्हर P वर आहे, R वर आहे, N वर आहे की D वर, हे गाडीच्या कंप्युटरला कळवणारा एक सेन्सर असतो. त्याच्या सर्किटमध्ये बिघाड. म्हणजे मी कुठं आहे हे मला माहीत आहे, लिव्हरलाही माहीत आहे, फक्त कंप्युटरला माहीत नाही. कुरिअरवाल्याची आठवण झाली.

संध्याकाळी ६.
यूट्यूबवर एका परदेशी माणसानं हाच कोड घेऊन गाडी उघडली. म्हणाला, बहुतेक वेळा आत पाणी गेलेलं असतं, जोड गंजतो. मी व्हिडिओ बंद केला. मराठवाड्यात २०१६ साली गाडीत पाणी जाणं शक्य नाही. त्यांच्याकडं पाऊस पडत असेल.

२१ एप्रिल, गुरुवार.
कारण सापडलं. दुष्काळ. सावलीत त्रेचाळीस डिग्री. विहिरी आटल्या, बोअर आटले, तसंच गिअरचं तेल आटलं असणार. आता प्रश्न फक्त अमलबजावणीचा.

२२ एप्रिल, शुक्रवार.
गिअरचं तेल एक लिटर आणून ओतलं. मोजपट्टी काढून पाहिली तर तेल मुळात पूर्णच होतं. आता जास्त झालं आहे. गाडी उठताना वास येतो. नव्या तेलाचा असावा.

तीर्थ पळीनं पुरेना. पेलाभर करतो आहे. त्यासाठी पिण्याच्या पाण्यातली माझी वाटणी कमी केली. त्यागाशिवाय यंत्रसुद्धा चालत नाही, असं मला अलीकडं वाटू लागलं आहे.

२४ एप्रिल, रविवार. सकाळी ७.
मोठा दिवस. स्कॅनरच्या अॅपमध्ये खाली एक बटण आहे : Erase, म्हणजे कोड पुसून टाका. दाबलं. पिवळा दिवा गेला. चावी फिरवली, P मधून सुरू! पीठगिरणीपर्यंत जाऊन आलो, सगळे गिअर पडले. गाडी मी स्वतः दुरुस्त केली. वय सत्तावन्न, शिक्षण बी. ए. मराठी.

महानंदेला आता सगळं सांगितलं : बिघाड होता, निघाला, मी काढला. ती म्हणाली, बिघाड होता हे गल्लीला पंधरा दिवसांपासून ठाऊक हाय.

दुपारी १.
दिवा परत आला.

दुपारी १.१०.
Erase.

२६ एप्रिल, मंगळवार.
आता क्रम बसला आहे. भस्म, पेलाभर तीर्थ, Erase, चावी. दिवा अर्ध्या तासानं येतो, परत Erase. उदगीर ते नांदेड अडीच तास, म्हणजे पाच वेळा. लिहून डॅशबोर्डवर चिकटवलं.

नाक्यावर लिंबाजी भेटला. म्हणाला, आप्पा, कोड पुसून काय हुतंय, ओल पुसा की. मी काच वर केली.

रात्री हणमंतराव येऊन म्हणाले, उद्या मी घरीच हाय, फोन चालू ठिवतो. भला माणूस आहे. पण दुसऱ्याच्या गाडीवर फार विश्वास नसतो त्याचा.

२७ एप्रिल, बुधवार. सकाळी १०.४०. जळकोट.
चहाच्या टपरीवरून लिहितो आहे. निघालो साडेनऊला. महानंदा मागं, पाय लांब करून, उशी, ताकाची बाटली, फाइल. एसी लावला होता. ती खरंच म्हणाली, गार वाटतंय. हे लिहून ठेवतो, कारण पुढं दिवस तसा राहिला नाही.

दिवा आज लवकर लवकर येत होता, चार वेळा Erase झालं. चौथ्यांदा, जळकोटच्या अलीकडं, गाडी एका गिअरमध्ये अडकली आणि मग तोही सोडला. टपरीसमोर आपोआप थांबली. P मध्ये नाही, N मध्ये नाही, कशातच सुरू होईना. मोबाइलची बॅटरी सहा टक्के.

शेवटचा उपाय म्हणून डिकीतून तांब्या काढला. सकाळच्या पूजेचं तीर्थ भरून घेतलं होतं. मुठीवर भस्म ओढलं आणि तांब्या ओतला. मागून महानंदेचा आवाज आला. हे काय करून ऱ्हायले तुम्ही? मी म्हणालो, रोजचा नेम. तिनं विचारलं, रोज? कवापासून? मी म्हणालो, पहिल्या दिवसापासून. तिनं मुठीवरून ओघळणाऱ्या पाण्याकडं बोट केलं. म्हणाली, अवो, लिंबाजीनं वासावरून सांगितलं होतं की तुम्हाला. ट्रॅक्टरवाल्यानं.

तीर्थाला पाणी म्हणतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

तिनं स्वतःच्या फोनवरून हणमंतरावांना बोलावलं.

११.५०.
व्हॅन आली. महानंदेला दोघांनी धरून बसवलं. सीट खरंच खाली आहे. ती म्हणाली, चला, तुमी बी चला. मी म्हणालो, गाडी रस्त्यावर कशी सोडू, आत स्कॅनर आहे, शंभर लेटरहेड आहेत, दोन तासांत मागून येतोच. तिनं फाइल मांडीवर घेतली. मग हणमंतरावांना म्हणाली, निघा भाऊजी, वेळ हुतोय.

संध्याकाळ. उदगीर.
ओढून न्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी उदगीरकडं निघालेल्या पाण्याच्या टँकरला दोर बांधला. टँकर गळका. पंचवीस-तीस किलोमीटर त्याच्या धारेखाली माझी गाडी. दर वाडीला टँकर पाहून बाया घागरी घेऊन धावत यायच्या, टँकरवाला नाही म्हणायचा, मग त्या मागं बांधलेल्या मला बघत उभ्या राहायच्या. एका म्हातारीनं विचारलं, ह्ये बी भरून चाललंय का? मी मान खाली घातली.

पाच आठवड्यांत गाडी पहिल्यांदाच स्वच्छ झाली.

२८ एप्रिल, गुरुवार. नांदेड.
पहाटे वाटलं, ओल वाळली असेल, एकदा बघू. मोबाइल चार्ज करून Erase, चावी, Erase, चावी करता करता साडेनऊ वाजले. मग बसस्टँड गाठलं. बस निघाली साडेदहाला. दवाखान्यात पोचलो तेव्हा अडीच. तिला बाराला आत नेलं होतं.

हणमंतराव कालपासून तिथंच बाकावर. त्यांनी मला फॉर्मची प्रत दिली. ‘सोबतचे नातेवाईक’ या रकान्यात त्यांची सही. नातं : शेजारी. नर्सनं म्हणे विचारलं, नवरा कुठं आहे? महानंदेनं सांगितलं, त्यांची गाडी बंद पडली.

चारला डॉक्टर बाहेर आले, चांगलं झालं म्हणाले. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला लाज वाटली. आठ महिने ती या दिवसाची वाट पाहत होती, आणि मी एका बटणापाशी बसलो होतो.

३० एप्रिल, शनिवार.
कपडे घ्यायला उदगीरला आलो. लिंबाजीला घरी बोलावलं.

त्यानं मुठीखालचं झाकण काढलं. आत त्या सेन्सरच्या स्विचभोवती आणि वायरींच्या जोडावर पांढरा थर. भस्म आणि तीर्थ, पाच आठवड्यांचं, भिंतीच्या गिलाव्यासारखं घट्ट. तळाशी तांब्याभर पाणी अजून साचलेलं. लिंबाजीनं हात जोडले, मग पेट्रोल आणि दाताचा जुना ब्रश घेऊन बसला. वाळवलं, जोड बसवला. वाढलेलं तेल काढलं. स्कॅनर लावला. कोड नाही. P मध्ये चावी, सुरू.

किती वेळ लागला? तेल सोडलं तर पंधरा मिनिटं. पैसे घेईना. म्हणाला, देवाच्या पान्याचं काय पैसं घ्यायचं, पेलाभर प्यायला द्या. दिलं.

१ मे, रविवार. महाराष्ट्र दिन.
सकाळी आठपासून टीव्हीपुढं. जिल्हा झाला नाही. आतली बातमी आता १५ ऑगस्टची आहे. तूर्त लेटरहेडच्या मागच्या बाजूला महानंदेच्या गोळ्यांचं वेळापत्रक लिहिलं. कागद चांगला आहे.

४ मे, बुधवार.
महानंदेला घरी आणलं. आपल्या गाडीतून. निघण्याआधी तिनं फोनवर एकच विचारलं, तांब्या घरी ठेवलाय का? ठेवला होता. वाटेत एकदाही दिवा लागला नाही. जळकोटची टपरी आली तेव्हा दोघंही दुसऱ्या बाजूला बघत होतो.

तीर्थ आता सगळं मीच पितो.

१६ जून, गुरुवार.
महानंदा काठी घेऊन अंगणात चकरा मारते. आज तपासणीला नांदेडला गेलो. तिनं डॉक्टरांना माझ्यादेखत विचारलं, मला गाडी चालवता येईल का? डॉक्टर म्हणाले, क्लच दाबायचा नसेल तर दोन महिन्यांत खुशाल. हणमंतरावांनी तिला दवाखान्यातल्या त्या बाकावर सांगून ठेवलं होतं म्हणे, वहिनी, आटोमॅटिकला डावा पाय लागतच न्हाई.

येताना मी म्हणालो, या वयात कशाला? ती म्हणाली, माझ्या गुडघ्यासाठीच घेतली की तुम्ही. ते वाक्य माझंच, २० मार्चचं.

शिकाऊ लायसन्सचा अर्ज तिनं आणूनच ठेवला होता. आरटीओचा कॅम्प सोमवारी. माझं अक्षर प्रेसवाल्याचं, म्हणून लिहायला मला बसवलं. नाव, वय, रक्तगट. जिल्ह्याच्या रकान्यात मी उदगीर लिहिलं. तिनं अर्ज शांतपणे फाडला, दुसरा पुढं सरकवला आणि म्हणाली, पार्सलसारखं मला बी वापस पाठवायचंय का?

गाडीची चावी तिच्या उशीखाली आहे. ड्रायव्हरची सीट तिनं आजच पुढं ओढून घेतली. दोन महिने झाले की मी डावीकडं बसायचं, बोलायचं नाही, असं ठरलं आहे.

दुसऱ्या अर्जात ‘जि. लातूर’ लिहिलं. स्वतःच्या हातानं. अक्षर चांगलं आलं आहे.